‘एनर्जी ड्रिंक’वरील इशारा कोणासाठी?

‘एनर्जी ड्रिंक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांवर आरोग्याचा इशारा असावा की नसावा, असा प्रश्न अलीकडे वर्तमानपत्रांतून, पालकसभांतून आणि विधिमंडळातूनही विचारला जात आहे. स्मरणिकेसाठी लेख देण्याचे ठरले तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला. कारण हे पेय पिणाऱ्यांत अभ्यासिकेत रात्र काढणारी मुले आहेत, भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली आहेत, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, रिक्षा-टेम्पोचालक, सफाई कामगार आणि हमाल आहेत. ही सगळी आपल्याच घरांतली माणसे आहेत.

विषयाचा शोध घेऊ लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून होते. इशारा छापलेला आहे. कोणतीही बाटली किंवा डबा हातात घेऊन फिरवून पाहा. घटकांची यादी, कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बारकोड या सर्व गर्दीत बारीक अक्षरांत तो सापडेल. कॅफिनचे प्रमाण जास्त आहे; मुलांनी, गरोदर व स्तनदा मातांनी आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्तींनी घेऊ नये; दिवसाला ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त घेऊ नये, अशा आशयाचा हा मजकूर असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार तो छापणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तेव्हा खरा प्रश्न, हा इशारा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतो का, हा आहे. आमच्या मते तो पोहोचत नाही. का पोहोचत नाही हे समजून घेतल्याशिवाय ‘इशारा असावा’ असे म्हणून काही साधणार नाही.

आधी हे पेय आले कोठून ते थोडक्यात पाहू. जपानमध्ये १९६२ साली ‘लिपोविटान डी’ नावाचे छोट्या बाटलीतले शक्तिवर्धक पेय निघाले. पुढे १९७० च्या दशकात थायलंडमध्ये त्याच धर्तीचे एक पेय तयार झाले. त्याच्या थाई नावाचा अर्थ ‘लाल गवा’ असा होता आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे लांब पल्ल्याचे ट्रकचालक व मजूर. ऑस्ट्रियाच्या डीट्रिख माटेशिट्झ यांनी हे पेय पाहिले, थायलंडच्या मूळ उत्पादकाशी भागीदारी केली आणि १९८७ मध्ये ते ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ म्हणून बाजारात आणले. युरोपात ते श्रीमंत तरुणांचे, नाचगाण्याच्या क्लबांचे आणि मोटारशर्यतींचे पेय झाले. भारतातही सुरुवातीला त्याचा छोटा डबा सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. २०१७ साली पेप्सिको कंपनीने ‘स्टिंग’ आणले आणि पुढे ते वीस रुपयांच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळू लागले. तेव्हापासून चित्र पालटले. मजुराचे पेय श्रीमंताच्या घरी जाऊन, नवा पोशाख करून पुन्हा मजुराच्या आणि त्याच्या मुलाच्या हातात आले. आज ते पानाच्या टपरीवर आहे, किराणा दुकानात आहे, एस.टी. स्थानकावर आहे आणि शाळेच्या फाटकासमोरही आहे.

आता नावाकडे येऊ. आपल्या कायद्याच्या भाषेत ह्या वस्तूचे नाव ‘एनर्जी ड्रिंक’ असे नाहीच. नियमात तिला ‘कॅफिनयुक्त पेय’ म्हटले आहे आणि लेबलवर ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात. मोठ्या अक्षरांत, विजेच्या आकृतीसह, असते ती ‘एनर्जी’. नावाचा परिणाम किती असतो हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच प्राधिकरणाने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बजावले की, दुधाची, माल्टची वा धान्याची पेये ‘हेल्थ ड्रिंक’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणून मांडू नका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तर गोड पेयांच्या नावात ‘ओ.आर.एस.’ ही अक्षरे वापरण्यास मनाई करण्यात आली, कारण जुलाब झालेल्या लेकराला आया औषध समजून साखरेचे पाणी पाजत होत्या. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ भगिनींनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता. जे ‘ओ.आर.एस.’च्या बाबतीत खरे ठरले ते ‘एनर्जी’च्या बाबतीत खोटे कसे ठरेल? नाव पुढून सांगते शक्ती मिळेल, इशारा मागून सांगतो जपून. गिऱ्हाईक पुढचे वाचते.

शक्ती मिळते का, याचे उत्तर शांतपणे द्यायला हवे. शाळेच्या पुस्तकातली शक्ती म्हणजे उष्मांक. ते ह्या पेयात साखरेतून येतात. ऑस्ट्रियाहून आलेल्या त्या प्रसिद्ध पेयाच्या २५० मिलिलीटरच्या साध्या डब्यात २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात लहान चमचे. तेवढे उष्मांक एका लहान भाकरीतून मिळतात आणि भाकरी पोटात टिकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते. एका डब्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. काही बाटल्यांत साखर कमी करून कृत्रिम गोडी घातलेली असते, तिथे तर ‘शक्ती’ आणखीच कमी.

मग पिणाऱ्याला तरतरी का वाटते? ते काम कॅफिनचे. आपण जागे असतो त्या काळात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य वाढत जाते. ते मेंदूतल्या विशिष्ट ठिकाणी जाऊन बसले की झोप येऊ लागते, अंग जड होते. थकल्याची ही शरीराने दिलेली सूचना असते. कॅफिनचा रेणू साधारण त्याच घडणीचा असल्यामुळे तो त्या जागा आधी अडवतो आणि अ‍ॅडेनोसिन बाहेर ताटकळत राहते. थकवा कमी झालेला नसतो, फक्त त्याची सूचना मिळत नाही. कॅफिनचा अंमल उतरला की थांबून राहिलेले सगळे एकदम आत येते. आम्ही बँकेत नोकरी करीत असल्याने आम्हाला यावर ‘ओव्हरड्राफ्ट’ हाच शब्द सुचतो. खात्यात पैसे जमा झालेले नाहीत, उचल मात्र मिळाली. फेडायचे झोपेतून.

निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन, काहींना सात. म्हणजे रात्री दहाला बाटली घेतलेल्या विद्यार्थ्याच्या अंगात पहाटे तीनलाही जवळपास अर्धी बाटली शिल्लक असते. तो झोपला तरी गाढ झोप लागत नाही. आणि दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच. अभ्यासिकेतल्या मित्रांनी ह्या एका वाक्यावर विचार करावा: जागून वाचलेली पन्नास पाने झोपेअभावी निसटली तर त्या रात्रीचा हिशेब कसा मांडायचा? गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर हेच कॅफिन उतरायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि ते वारेतून बाळापर्यंतही जाते. त्यामुळे इशाऱ्यात गरोदर मातांचा उल्लेख केवळ उपचार म्हणून आलेला नाही.

थोडे आकडे पाहू. नियमाप्रमाणे ह्या पेयात एका लिटरला कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. म्हणजे २५० मिलिलीटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात १५० मिलिलीटर चहात ३० ते ६५, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते असे दिले आहे, आणि प्रौढाने दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे.

हे आकडे पाहून कोणीही सरळ आक्षेप घेईल, आणि तो घेतलाही जातो: मद्रासी कॉफीच्या एका पेल्यात बाटलीइतके, प्रसंगी तिच्याहून जास्त कॅफिन असेल तर बाटलीनेच काय गुन्हा केला? चहाच्या टपरीवर कुठे इशारा लावतात? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. निरोगी प्रौढ माणसाने एखाद्या दिवशी एक बाटली घेतली तर आभाळ कोसळत नाही, हे आम्ही मान्य करतो. हे पेय म्हणजे विष आहे असे सांगत फिरणारे लोक आपल्याच म्हणण्याची किंमत कमी करतात.

परंतु फरक कुठे आहे तो पाहा. कॉफी गरम असते, कडू असते, फुंकून घोट घोट घ्यावी लागते. कोणी शहाणी आई आठ वर्षांच्या मुलाला कडक कॉफीचा पेला भरून देत नाही. ही बाटली थंड, गोड, लालभडक, सरबतासारखी आहे आणि उन्हात दोन मिनिटांत रिकामी होते. तिचा बेतच मुलाच्या जिभेला आवडेल असा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तिसरी-चौथीतल्या मुलाचे वजन २५ किलो धरले तर २५ गुणिले ३ बरोबर ७५. म्हणजे वरच्या मर्यादेची एक बाटली हाच त्याचा पूर्ण दिवसाचा कोटा. सकाळचा चहा आणि दुपारचे चॉकलेट त्यावर वेगळे. दुसरी बाटली त्याला कुणी घेऊ दिली तर तो मर्यादेच्या दुप्पट झाला. आणि इशाऱ्यातले ‘दिवसाला ५०० मिलिलीटर’ हे दोन बाटल्यांचे माप मोठ्या माणसाचे आहे, हे त्या मुलाला कोण सांगणार? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्येच सांगितले की, मुलांच्या व किशोरांच्या आहारात या पेयांना जागाच नाही.

जास्त झाले की काय होते? छातीत धडधड, हात थरथरणे, मळमळ, रक्तदाब वाढणे, विनाकारण घाबरल्यासारखे होणे, झोप न लागणे. ज्याच्या हृदयात जन्मतःच दोष आहे आणि तो कधी तपासला गेलेला नाही, त्याच्या बाबतीत धोका याहून मोठा असू शकतो. आणि आपल्या वस्त्यांत मुलांच्या हृदयाची तपासणी किती घरांत झालेली असते? अमेरिकेत या पेयांशी संबंधित तक्रारी घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्यांची नोंद २००७ साली १०,०६८ होती, ती २०११ साली २०,७८३ झाली. त्यातल्या बऱ्याच जणांनी सोबत दारू किंवा औषधेही घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. दारूत हे पेय मिसळण्याचा प्रकार आपल्याकडे वरातींतून दिसू लागला आहे. त्यात नशा कमी होत नाही, नशा झाल्याचे कळणे मात्र कमी होते. माणूस स्वतःला शुद्धीवर समजतो आणि गाडीला किल्ली लावतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये कॅफिन घातलेली दारू बनवणाऱ्या चार कंपन्यांना याच कारणाने ताकीद दिली होती.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे लिहिणे जरूर आहे. सोळाशे मीटरच्या धावण्याआधी बाटली घेतली की दम टिकतो, अशी मैदानावर समजूत आहे. कॅफिनमुळे थकवा उशिरा जाणवतो हे खरे. पण उन्हाळ्यात, उपाशीपोटी, कमी झोपेवर, भीतीने आधीच धडधडणाऱ्या छातीला आणखी पळवणे ही मर्दुमकी नव्हे. शरीर ‘थांब’ म्हणते ती सूचना मैदानावरच सर्वांत जास्त लागते. घामातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणारे पेय निराळे आणि हे निराळे. तहानेसाठी पाणी, मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा ताक घ्यावे.

बाटलीत टॉरिन नावाचा आणखी एक पदार्थ असतो. तो बैलाच्या अमुक अवयवातून काढतात वगैरे गप्पा पोरे मोठ्या चवीने सांगतात. १८२७ साली तो प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळा केला गेला म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून नाव पडले, एवढेच. आता तो कारखान्यात रासायनिक रीतीने तयार होतो. तरतरीचे श्रेय कॅफिनचेच.

आता इशाऱ्याकडे परत येऊ. आम्हाला बँकेत रोज दिसते की, कर्जाच्या अर्जाच्या मागे चार पाने अटी छापलेल्या असतात आणि खातेदार ‘सही कुठे करू?’ एवढेच विचारतो. आम्हीही बोट ठेवून जागा दाखवतो. दूरदर्शन संचावर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी जोखमीचे वाक्य घाईघाईने म्हटले जाते तेही सर्वांना पाठ आहे, पण त्याचा अर्थ विचारला तर दहातले आठ गप्प बसतात. अशा मजकुराने छापणाऱ्याचे संरक्षण होते. उद्या काही घडले तर ‘आम्ही लिहिले होते’ असे म्हणता येते. वाचणाऱ्याचे संरक्षण करायचे असेल तर इशारा वेगळ्या रीतीने लिहावा लागतो.

पहिली अडचण भाषेची. आपल्या लेबलच्या नियमांत सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी असे आहे. इतर भाषा कंपनीने हवी तर जादा वापरावी. व्यवहारात बहुतेक बाटल्यांवर इंग्रजीच असते. जाहिरात मात्र मराठीत होते, टपरीवरचा फलक मराठीत लागतो. विकायचे असते तेव्हा कंपनीला आमची भाषा येते, सावध करायचे असते तेव्हा येत नाही! ज्याला बारीक इंग्रजी सहज वाचता येते तो बहुधा वातानुकूलित कचेरीत बसून कॉफी पीत असतो. नाक्यावर उभा असलेला गवंडी, ऊसतोडणीच्या फडातली गरोदर बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा यांच्यासाठी त्या ओळी कोऱ्याच आहेत. अक्षरओळख मिळवण्यासाठी ज्या समाजाने इतकी झुंज दिली, त्याच्या हातात न वाचता येणारा इशारा ठेवला जातो, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

दुसरी अडचण जागेची आणि आकाराची. याबाबत तंबाखूचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपान आरोग्यास घातक असल्याचे वाक्य आले. ते इंग्रजी वाक्य पुढे तीस-पस्तीस वर्षे पाकिटावर होते आणि ओढणारे ओढत होते. विडी ओढणाऱ्याला तर ते वाचण्याचा प्रसंगच नव्हता. ३१ मे २००९ पासून चित्ररूप इशारा सुरू झाला आणि १ एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंच्या ८५ टक्के जागेवर आला. राष्ट्रीय पाहणीनुसार तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. हे सगळे चित्रामुळेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. कर वाढले, सार्वजनिक जागी बंदी आली, अनेक राज्यांत गुटखाबंदी झाली. परंतु निरक्षर माणसालाही कळेल असा इशारा देता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने २०१६ च्या जूनपासून जास्त साखर, मीठ, चरबी व उष्मांक असलेल्या पदार्थांवर पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. त्यानंतर तेथे अशा शिक्क्याच्या पेयांची घरगुती खरेदी जवळपास चतुर्थांशाने घटली, असे संशोधकांना आढळले. मात्र शिक्क्याच्या जोडीला त्या कायद्याने मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती आणि शाळेतील विक्रीही बंद केली होती, हे विसरता कामा नये. आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची कल्पना मांडली गेली. तारे म्हणजे शाबासकी. शर्करायुक्त पेयालासुद्धा एक-अर्धा तारा मिळाला की लहान मुलाला ते बक्षीसच वाटणार. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलबाबत शिफारशी देण्यासाठी तज्ज्ञ समितीला मुदत घालून दिली.

कॅफिनपुरते बोलायचे तर युरोपात लिटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन असलेल्या पेयांवर मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी योग्य नसल्याचा मजकूर डिसेंबर २०१४ पासून सक्तीचा आहे. तरीही तेथील काही देशांना एवढे पुरेसे वाटले नाही. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लॅटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास बंदी केली. इशारा एकटा पुरत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. तरुण वयात तर ‘कॅफिन जास्त’ हे शब्द उलटेही लागू पडतात. ‘जास्त’ म्हणजे दमदार, असाच अर्थ पोरे घेतात.

आपल्या राज्यात १२ जुलै २०२४ रोजी विधान परिषदेत या विषयावर प्रश्न आला, तेव्हा तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले होते. पंजाब सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये शाळांची उपाहारगृहे व शाळांचा परिसर येथे वर्षभराची बंदी घातली. घोषणा स्वागतार्ह आहेत. पण गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोणत्या टपरीवर कसा मागायचा हे शाळकरी पोराला माहीत आहे. म्हणून सर्वांना बंदी करण्यापेक्षा अठरा वर्षांखालील मुलांना विक्री नाही, एवढी एकच स्पष्ट आणि तपासता येणारी अट असावी, असे आमचे मत आहे. प्रौढाने काय प्यावे ते त्याने ठरवावे, फक्त त्याला कळेल अशा भाषेत माहिती मिळावी.

टपरीवाल्यांचा प्रश्न येतोच. तोही आपलाच माणूस आहे, एका बाटलीमागे त्याला दोन-तीन रुपये सुटतात. त्याच्यावर दंडुका उगारण्याआधी कंपनीकडून नियम पाळून घेणे हा न्याय होईल. या पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे ही वस्तू नित्याच्या गरजेची नाही हे सरकारने कर आकारताना मान्य केले आहे. तेच बाटलीच्या दर्शनी बाजूवरही मान्य करावे. तेथे मराठीत, ठळक अक्षरांत ‘मुलांसाठी नाही, गरोदर मातांसाठी नाही’ असे असावे आणि न वाचणाऱ्यासाठी त्याचे चित्र असावे. बाटलीत किती कॅफिन आहे ते मिलिग्रॅमबरोबरच ‘अमुक कप चहाइतके’ असेही छापावे. मिलिग्रॅम कोणाला दिसत नाही, चहाचा कप सर्वांना दिसतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर अभ्यासिकेच्या भिंतीवर मराठीत असा एक कागद आपल्यालाच लावता येईल. अक्षर चांगले असलेल्या कोणा विद्यार्थ्याने तो लिहावा. जयंतीच्या मिरवणुकीत पाण्याच्या टाकीशेजारी ह्या बाटल्यांचे मोफत वाटप करायला कोणी पुढे आले तर मंडळाने ते नाकारावे, पाणी आणि ताक पुरेसे आहे. अंगणवाडी सेविका भगिनींनी गरोदर मातांच्या बैठकीत लोहाच्या गोळ्यांबरोबर हाही विषय घ्यावा. गोळीच्या वेळेला चहा नको हे त्या सांगतातच.

ज्या बाटलीवर इशाऱ्याचा मजकूर नाही, कॅफिनचे प्रमाण नाही किंवा मुदत संपलेली आहे, तिची तक्रार करता येते. बाटली फेकू नये. तिच्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, दुकानाचे ठिकाण आणि खरेदीचा दिवस कागदावर लिहून घ्यावा, शक्य तर पावती घ्यावी, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्तांच्या (अन्न) नावे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायला विसरू नये. प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. अर्ज कसा लिहायचा हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे, आम्ही तेथे असतो.